कचरा डेपोच्या लीचेटमधील अमोनिया कसा काढावा : विदर्भातील लहान नगरांसाठी कार्यपद्धती

विदर्भातील तालुक्याच्या गावांमध्ये कचरा डेपो बहुधा ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर, मुरमाच्या जुन्या खदानीत किंवा नाल्याच्या काठावर असतो. पावसाळ्यात त्या ढिगातून झिरपून खाली साचणारे काळपट, उग्र वासाचे पाणी म्हणजे लीचेट. नगरपंचायतीच्या हाती येणाऱ्या सर्व सांडपाण्यांत ते सर्वांत अवघड असते आणि त्यातला सर्वांत चिवट घटक अमोनिया असतो. अन्नाचे उष्टे, भाजीपाला, मांस-मासळीचे अवशेष यांतील प्रथिने ढिगाच्या पोटात हवेविना कुजतात आणि त्यांतील नायट्रोजन अमोनियाच्या रूपात पाण्यात उतरतो. हवा नसलेल्या त्या जागी अमोनियाचे पुढे काहीच होत नाही. त्यामुळे ढीग जुना झाल्यावर इतर सेंद्रिय प्रदूषण ओसरले, तरी अमोनिया पुढची कित्येक वर्षे त्याच जोमाने येत राहतो. हे मार्गदर्शन नगरपंचायतीचे अभियंते, स्वच्छता निरीक्षक आणि प्रकल्प प्रत्यक्ष चालवणारे ऑपरेटर यांच्यासाठी लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्या अभावी पुष्कळ पैसा वाया जातो. अमोनिया गाळून निघत नाही. तो मिठासारखाच पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. वाळूचा फिल्टर, कापडी फिल्टर किंवा सक्रिय कोळशाचा थर लावला की पाण्याचा रंग फिकट होतो, गढूळपणा जातो आणि बाटलीतला नमुना पाहणाऱ्याचे समाधान होते, परंतु अमोनिया आत शिरताना होता जवळपास तेवढाच बाहेर पडताना असतो. म्हणून आधी रसायनाच्या साहाय्याने अमोनियाचे रूप बदलायचे, त्याला पाण्याबाहेर काढायचे आणि मग उरलेल्यासाठी योग्य प्रकारची गाळणी वापरायची, हा क्रम पाळावा लागतो. केवळ फिल्टरचे दरपत्रक घेऊन येणाऱ्या पुरवठादाराला पहिला प्रश्न हाच विचारावा, की तुमच्या यंत्रात अमोनिया नेमका कोणत्या टप्प्यावर आणि कशामुळे कमी होतो.

अमोनियाची दोन रूपे

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक विद्युतभारित अमोनियम आयन, जो पाणी सोडत नाही, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो वायुरूपात उडून जाऊ शकतो. कोणते रूप किती, हे पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप, ७ म्हणजे उदासीन) आणि तापमान ठरवतात. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना मुक्त अमोनिया १ टक्काही नसतो. पीएच ८ ला तो सुमारे ५ टक्के, ९.२५ ला बरोबर निम्मा, १० ला ८५ टक्के आणि ११ ला ९८ टक्के होतो. पुढील जवळपास प्रत्येक टप्पा या आकड्यांवर उभा आहे. अमोनिया उडवायचा असेल तेव्हा पीएच वर न्यायचा, आणि झिओलाइट या खनिजात किंवा आरओच्या (रिव्हर्स ऑस्मोसिसच्या) पडद्यावर अडवायचा असेल तेव्हा पीएच खाली आणायचा. हा क्रम उलटा झाला, तर चांगले यंत्रही निकामी ठरते.

मुक्त रूप हेच माशांना मारते. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (लहान तळी) गावाला लागून असतात, आणि उन्हाळ्याच्या दुपारी शेवाळामुळे त्यांतील पाण्याचा पीएच बराच वर चढतो. सकाळी निरुपद्रवी वाटणारा तोच अमोनिया दुपारी घातक होतो. म्हणून डेपोच्या खालच्या अंगाला असा तलाव असेल, तर कागदावरील मर्यादा पाळली म्हणजे काम झाले, असे मानू नये.

ती मर्यादा अशी. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांच्या दुसऱ्या अनुसूचीनुसार नदी-नाल्यात सोडायच्या प्रक्रियित लीचेटमध्ये अमोनियाकल नायट्रोजन (अमोनियाच्या दोन्ही रूपांतला नायट्रोजन) लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आत, एकूण जेल्डाल नायट्रोजन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून) १०० च्या आत, बीओडी (जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३० च्या आत, सीओडी (रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) २५० च्या आत आणि विरघळलेले क्षार २,१०० च्या आत असावे लागत; २०२६ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. आपल्या डेपोला प्रत्यक्षात कोणती मर्यादा लागू आहे, हे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात पाहावे, कारण बंधनकारक तेच असते.

यंत्राआधी पाणी कमी करा

एक एकर उघड्या ढिगावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ४०० घनमीटर पाणी त्यावर येते. त्यातले सगळे झिरपत नाही, पण जे झिरपते त्यावर पुढे रुपये मोजून प्रक्रिया करावी लागते. पश्चिमेकडे बुलढाणा-अकोल्यात वर्षाला सात-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गडचिरोली-गोंदियाकडे तो तेराशेच्या पुढे जातो. म्हणजे पूर्व विदर्भात तर ढीग झाकल्याविना कोणतीही यंत्रणा पुरी पडणार नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्याआधी ढिगाला उतार द्यावा, वर मातीचा थर दाबून जाड ताडपत्री किंवा एचडीपीई (टणक प्लास्टिकचे) कापड अंथरावे, वरच्या अंगाने येणारे शेतातले पाणी चर खणून बाजूने वळवावे. ओला कचरा डेपोवर न नेता गावातच खतासाठी वेगळा काढला, तर अमोनियाचे मूळच कमी होते. लीचेटचा प्रश्न सोडवण्याचा याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

ज्या काळ्या मातीला आपण अभेद्य समजतो, तिचा भरवसा धरू नये. ओली असताना ती फुगून पाणी अडवते हे खरे, पण मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचे लीचेट त्या भेगांतून सरळ खाली उतरते. साठवण टाकीला अस्तर हवेच.

साठवण टाकी मोठी ठेवावी, कारण मार्चमधले घट्ट लीचेट आणि ऑगस्टमधले पातळ लीचेट यांच्या तीव्रतेत कित्येक पटींचा फरक असतो. टाकीत ते एकजीव झाले, तरच पुढचे रसायन नेमके देता येते.

नमुना आणि मोजणी

प्रकल्पाच्या आखणीआधी किमान उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा या तिन्ही ऋतूंतले नमुने तपासून घ्यावेत. पीएच, क्षारता (आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता), अमोनियाकल नायट्रोजन, सीओडी, विरघळलेले क्षार, कॅल्शियम आणि क्लोराइड एवढी मापे आवश्यक आहेत. तालुक्याच्या गावाहून नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेपर्यंत उन्हात प्रवास करणाऱ्या बाटलीतला अमोनिया वाटेतच बदलतो. त्यामुळे अमोनियाचा नमुना वेगळ्या बाटलीत काठोकाठ भरावा, सल्फ्युरिक आम्लाचे थेंब घालून त्याचा पीएच २ च्या खाली न्यावा आणि तो बर्फाच्या पेटीतून पाठवावा. आम्ल घालताना लीचेटमधून कुजक्या अंड्याच्या वासाचा विषारी हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, वारा पाठीवर येईल असे उभे राहून करावे.

अहवाल हाती आल्यावर आकडा ‘नायट्रोजन म्हणून’ दिला आहे की ‘अमोनिया म्हणून’, हे आधी पाहावे. नायट्रोजन म्हणून ५० म्हणजे अमोनिया म्हणून सुमारे ६१. हा फरक न कळल्यामुळे उत्तीर्ण नमुना अनुत्तीर्ण ठरू शकतो आणि यंत्राची क्षमताही चुकीची मोजली जाऊ शकते.

उदाहरणासाठी आपण रोज २० घनमीटर लीचेट, त्यात लिटरमागे १,००० मिलिग्रॅम अमोनियाकल नायट्रोजन आणि ५,००० मिलिग्रॅम क्षारता धरू. जुन्या डेपोच्या लीचेटमध्ये असे आकडे नवलाचे नाहीत. याचा अर्थ रोज २० किलो नायट्रोजन, म्हणजे ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात असतो जवळपास तेवढा, नाल्याच्या दिशेने वाहत आहे. हे ऐकून लीचेटच शेताला द्यावे असे काहींना वाटते. ते करू नये, कारण त्यासोबत क्षार, जड धातू आणि रोगजंतूही जमिनीत जातात, आणि खारपाणपट्ट्यातल्या (पूर्णा खोऱ्यातील खारट पाण्याच्या भागातल्या) जमिनीला तर आणखी क्षार अजिबात झेपणार नाहीत.

चुना आणि जार टेस्ट

पीएच वाढवण्यासाठी चुना किंवा कॉस्टिक सोडा वापरता येतो. कॉस्टिकने गाळ कमी होतो, पण तो महाग पडतो आणि पाण्यात सोडियम वाढवतो. क्षारांची मर्यादा २,१०० असताना सोडियम वाढवणे परवडणारे नसते. चुना स्वस्त आहे, वणी-राजूर भागात चुन्याच्या भट्ट्याही आहेत, आणि चुन्याने पीएच वाढताना लीचेटमधील रंग, निलंबित कण व काही धातूही गाळात बसतात. माझे मत चुन्याच्या बाजूने आहे, मात्र त्याच्या गाळाची व्यवस्था आधी केलेली असली पाहिजे.

वरच्या उदाहरणात हिशेब केला, तर बायकार्बोनेट आणि अमोनियम या दोहोंना पुरेल एवढा शुद्ध विझवलेला चुना दर घनमीटरला सहा ते साडेसहा किलो लागतो. बाजारातल्या चुन्याची शुद्धता कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षात आठ-नऊ किलोही लागू शकतात. नेमका आकडा जार टेस्टनेच ठरवावा, आणि ती चाचणी चुन्याची नवी गाडी आली की प्रत्येक वेळी करावी.

१०० ग्रॅम विझवलेला चुना एक लिटर पाण्यात कालवून ठेवावा. या मिश्रणाचे १० मिलिलिटर म्हणजे १ ग्रॅम चुना. सहा काचपात्रांत एकेक लिटर लीचेट घेऊन त्यांत अनुक्रमे ४०, ५०, ६०, ७०, ८० आणि ९० मिलिलिटर मिश्रण, दर वेळी तळ ढवळून घेऊन, घालावे. एक-दोन मिनिटे जोरात, मग पंधरा-वीस मिनिटे हळू ढवळावे, अर्धा तास निवळू द्यावे आणि वरच्या पाण्याचा पीएच घ्यावा. पीएच सरळ रेषेत वाढत नाही. तो ९ ते ९.५ च्या आसपास बराच वेळ रेंगाळतो, कारण तिथे चुना अमोनियमचे अमोनियात रूपांतर करण्यात खर्च होत असतो. चुना वाया जात आहे असे समजून ऑपरेटर इथेच हात आखडता घेतात. तो टप्पा ओलांडला की थोड्याच मात्रेत पीएच १०.५ च्या वर उडी मारतो. १०.८ ते ११ देणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी. त्यापुढे घातलेल्या चुन्याने अमोनिया फारसा सुटत नाही, केवळ गाळ वाढतो.

पीएच मीटर ७ आणि १० च्या प्रमाणित द्रावणांवर रोज सकाळी तपासून घ्यावा. इलेक्ट्रोडच्या काचेवर चुन्याची पांढरी पापुद्री चढते आणि आकडे चुकू लागतात. ती हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अगदी सौम्य द्रावणात बुडवून काढावी.

चुना देण्यापूर्वी लीचेटमध्ये काही तास हवा सोडली, तर त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून पीएच आपोआप थोडा वर येतो आणि चुन्याची बचत होते. लीचेट नवे, आंबट वासाचे आणि पीएच ७ च्या खालचे असेल, तर मात्र चुन्याचा खर्च फार वाढतो. अशा लीचेटवर आधी जैविक प्रक्रिया करणे योग्य.

हवेने अमोनिया काढणे

चुना दिलेले लीचेट निवळण टाकीत दोन-तीन तास स्थिर ठेवून वरचे स्वच्छ पाणीच पुढे घ्यावे. गढूळ पाणी पुढच्या, हवेने अमोनिया काढणाऱ्या टॉवरमध्ये गेले, तर तो काही आठवड्यांतच चोंदतो. टॉवर एफआरपी (काचतंतू घातलेले प्लास्टिक) किंवा एचडीपीईचा असावा, आत प्लास्टिकच्या पॉल रिंगांचे (पोकळ कड्यांचे) भरण असावे आणि भरणाची उंची शक्यतो सहा मीटरच्या आसपास ठेवावी. पाणी वरून फवाऱ्याने खाली येते, ब्लोअरची हवा खालून वर जाते आणि मुक्त अमोनिया पाण्यातून हवेत जातो. २५ अंशांवर पाण्याच्या आकारमानाच्या दीड हजार पट हवा ही सैद्धांतिक किमान गरज आहे. व्यवहारात सुमारे तीन हजार पट धरावी. २० घनमीटर पाण्याला ६०,००० घनमीटर हवा, म्हणजे दिवसाचे २० तास चालवले, तर ताशी ३,००० घनमीटरचा ब्लोअर लागेल. नीट चालणारा टॉवर एका फेरीत ८० ते ९५ टक्के अमोनिया काढतो.

तापमानाबाबत विदर्भात एक गैरसमज हमखास आढळतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे मे महिन्यात ४५ अंशांच्या वर पारा जात असल्याने टॉवर तेव्हा सर्वांत चांगला चालेल, असे गृहीत धरले जाते. परंतु कोरडी गरम हवा ओल्या भरणातून गेली की घरच्या कूलरमध्ये होते तेच इथे होते. पाण्याची वाफ होते आणि पाणी गार पडते. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर पाणी चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरू शकते. म्हणजे उन्हाळ्याचा फायदा आपण समजतो त्याहून बराच कमी मिळतो, आणि डिसेंबर-जानेवारीतल्या थंड पहाटे तर टॉवरची क्षमता स्पष्टपणे घटते. पाणी १५ अंशांवर असेल, तर पीएच १० ला जेमतेम पाऊण हिस्साच अमोनिया मुक्त रूपात असतो. हिवाळ्यात पीएच ११ च्या आसपास राखावा, पाणी उन्हात तापलेल्या टाकीतून दुपारी टॉवरवर घ्यावे आणि आवश्यक असेल तर दुसरी फेरी द्यावी.

याहूनही चांगला उपाय म्हणजे तीच हवा बंद चक्रात फिरवणे. टॉवरमधून निघालेली अमोनियायुक्त हवा दुसऱ्या टॉवरमध्ये सौम्य सल्फ्युरिक आम्लाने धुवायची आणि धुतलेली हवा पुन्हा पहिल्या टॉवरला द्यायची. ही हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, म्हणून पाणी गार पडत नाही. तिच्यात कार्बन डायऑक्साइड जवळपास नसतो, म्हणून भरणावर चुन्याचा थर कमी चढतो. आणि अमोनिया गावाच्या हवेत जात नाही. आम्लाचा टप्पा वगळून अमोनिया मोकळ्या हवेत सोडण्याचे प्रस्ताव कमी खर्चामुळे पुढे येतात. ते स्वीकारू नयेत. हवेत गेलेला अमोनिया पावसासोबत आसपासच्या शेतात आणि पाण्यात उतरतो, आणि वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्यांचे डोळे व घसा रोज जळतो. पाण्यातला दोष हवेत ढकलणे याला प्रक्रिया म्हणता येत नाही.

एक किलो नायट्रोजन पकडायला साडेतीन किलो शुद्ध सल्फ्युरिक आम्ल लागते आणि सुमारे ४.७ किलो अमोनियम सल्फेट मिळते. आपल्या उदाहरणात ९० टक्के अमोनिया पकडला, तर रोज ८५ किलोच्या जवळपास अमोनियम सल्फेट द्रावणरूपात हाती येते. हे खत आहे, परंतु ते विकायचे किंवा वाटायचे असेल, तर १९८५ च्या खत नियंत्रण आदेशातील गुणवत्तेच्या अटी लागू होतात. म्हणून त्याची व्यवस्था प्रकल्प अहवालातच ठरवून घ्यावी, नाहीतर वर्षभरात द्रावणाच्या टाक्या भरून पडतात. आम्लाच्या टाकीचा पीएच ३ च्या खाली ठेवावा. तो वाढू लागला की अमोनिया सुटत आहे असे समजून आम्ल द्यावे. आम्ल सौम्य करताना नेहमी पाण्यात आम्ल हळूहळू ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये.

टॉवरचे झाकण महिन्यातून एकदा उघडून रिंगा पाहाव्यात. नखाने खरवडता येईल एवढा पांढरा थर असेल, तर टॉवर रिकामा करून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल फिरवावे. थर दगडासारखा घट्ट होईपर्यंत थांबले, तर आम्लाने काम भागत नाही, रिंगा बाहेर काढून थर फोडावा लागतो.

स्ट्रुव्हाइटचा पर्याय

मॅग्नेशियम आणि फॉस्फेट घालून अमोनिया स्ट्रुव्हाइट नावाच्या स्फटिकरूप खतात बसवण्याची पद्धतही आहे. पीएच ८.५ ते ९.५ पुरतो, अर्ध्या-एक तासात स्फटिक तळाला बसतात आणि मिळणारे खत हळूहळू विरघळणारे, चांगल्या प्रतीचे असते. अडचण फॉस्फरसची आहे. एका किलो नायट्रोजनला सुमारे २.२ किलो फॉस्फरस आणि १.७ किलो मॅग्नेशियम लागते. रोजच्या २० किलो नायट्रोजनसाठी ४४ किलो फॉस्फरस, म्हणजे डीएपीच्या चार पोत्यांहून अधिक पोत्यांत असतो तेवढा, विकत घ्यावा लागेल. लहान नगरपंचायतीला हे रोज परवडणार नाही. शिवाय आधी चुना घातलेला असेल, तर कॅल्शियमच फॉस्फेट खाऊन टाकते. जिथे फॉस्फेटयुक्त औद्योगिक सांडपाणी जवळच मिळते, तिथेच या पद्धतीचा विचार करावा.

पीएच उतरवणे, गाळणे आणि झिओलाइट

टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा पीएच १०.५ च्या आसपास असतो. अशा पाण्याला झिओलाइटही उपयोगी नाही आणि नालाही ते स्वीकारणार नाही. कार्बन डायऑक्साइड सोडून किंवा सल्फ्युरिक आम्लाने तो ६.५ ते ७ वर आणावा. कार्बन डायऑक्साइड वापरल्यास आधी ९.५ च्या आसपास थांबून उरलेला कॅल्शियम कार्बोनेट बसू द्यावा आणि मगच पुढे उतरावे, म्हणजे पाण्याचा जडपणाही कमी होतो. त्यानंतर प्रेशर सँड फिल्टर येतो. त्याचे काम पुढच्या थराचे बारीक कणांपासून रक्षण करणे एवढेच आहे, त्याच्याकडून अमोनियाची अपेक्षा ठेवू नये. सीओडी आणि रंगासाठी त्यापुढे सक्रिय कोळसा ठेवता येतो.

खरी गाळणी झिओलाइटची. क्लिनोप्टिलोलाइट या नैसर्गिक खनिजाला अमोनियमची विशेष ओढ असते आणि सोडियम सोडून ते अमोनियम धरते. पुस्तकात त्याची क्षमता किलोमागे वीसहून अधिक ग्रॅम नायट्रोजन दिलेली आढळते, परंतु लीचेटमध्ये पोटॅशियम, सोडियम आणि कॅल्शियम जागेसाठी स्पर्धा करतात. म्हणून आखणी करताना तीन ग्रॅमच धरावेत. टॉवरनंतर १२० उरलेला अमोनियाकल नायट्रोजन ४० वर आणायचा असेल, तर २० घनमीटरमध्ये रोज १.६ किलो नायट्रोजन पकडावा लागेल, आणि त्याला पाचशे-साडेपाचशे किलो झिओलाइट लागेल. प्रत्येकी दोन टनांचे दोन थर ठेवले, तर एक चालू असताना दुसरा धुता येतो आणि धुण्याची पाळी साधारण चार दिवसांनी येते. धुणे मिठाच्या पाण्याने होते. हे अमोनियायुक्त मीठपाणी बाहेर न सोडता थोडा चुना घालून पुन्हा हवेच्या टॉवरवर घ्यावे आणि अमोनिया काढून तेच पुन्हा वापरावे. थर धुतल्यानंतर पहिले पाणी खारट येते, ते साठवण टाकीत परत न्यावे, नाहीतर क्षारांची मर्यादा त्याच दिवशी ओलांडली जाते.

आपल्या दख्खनी काळ्या पाषाणात झिओलाइट गटातील खनिजे मुबलक सापडतात खरी, परंतु त्या गटातले प्रत्येक खनिज अमोनियम सारख्याच ताकदीने धरत नाही. विकत घेण्यापूर्वी एक किलो नमुना आणून, एका नळीत भरून आपल्याच डेपोचे निवळलेले लीचेट त्यातून सोडून पाहावे. पुरवठादाराच्या माहितीपत्रकापेक्षा ही चाचणी अधिक विश्वासार्ह आहे.

आरओ कुठे बसतो

आरओच्या पडद्याने अमोनियम अडतो, मुक्त अमोनिया अडत नाही, तो पडद्यातून पाण्यासारखाच आरपार जातो. म्हणून आरओच्या आधी पीएच ६ ते ६.५ वर आणणे अनिवार्य आहे. अल्ट्राफिल्ट्रेशनने अमोनिया निघत नाही, नॅनोफिल्ट्रेशननेही फारसा निघत नाही. हे पडदे फक्त आरओचे रक्षण करतात. खारपाणपट्ट्यातल्या डेपोला क्षारांसाठी आरओ टाळता येणार नाही, पण त्याचा सर्वांत मोठा प्रश्न रिजेक्टचा आहे. आत गेलेल्या पाण्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा घट्ट होऊन परत येतो आणि त्यात सगळा अमोनिया व सगळे क्षार असतात. तो पुन्हा ढिगावर शिंपडला, तर काही वर्षांत लीचेट इतके खारट आणि अमोनियायुक्त होते की पडदे टिकत नाहीत. रिजेक्टला टॉवरमार्गे अमोनियामुक्त करून अस्तर लावलेल्या बाष्पन तळ्यात सुकवावे. आपल्याकडचे ऑक्टोबर ते मे हे कोरडे महिने यासाठी अनुकूल आहेत.

क्लोरीन शेवटीच

ब्लीचिंग पावडर प्रत्येक नगरपंचायतीत असते, त्यामुळे तिनेच अमोनिया मारावा असा मोह होतो. क्लोरीन अमोनियाचे नायट्रोजन वायूत रूपांतर करते हे खरे, पण एका भाग नायट्रोजनला किमान ७.६ भाग, व्यवहारात ८ ते १० भाग क्लोरीन लागते. लिटरमागे १,००० मिलिग्रॅमच्या लीचेटला घनमीटरमागे १० किलो क्लोरीन, म्हणजे ३० टक्के क्लोरीन असलेली ३३ किलो ब्लीचिंग पावडर लागेल, आणि सेंद्रिय पदार्थ खातील ती वेगळी. त्यातून क्लोराइड बेसुमार वाढते आणि घातक क्लोरीनयुक्त संयुगे तयार होतात. म्हणून क्लोरीन केवळ सर्व टप्प्यांनंतर उरलेल्या थोड्या अमोनियासाठी, पीएच ७ च्या आसपास ठेवून वापरावे आणि सोडण्याआधी उरलेले क्लोरीन मोजावे. मात्रा अपुरी पडली, तर पाण्यात माशांना घातक क्लोरामाइन राहतात. त्यामुळे अर्धवट क्लोरीन देण्यापेक्षा न दिलेले बरे. उन्हात ठेवलेल्या गोणीतली शक्ती झपाट्याने घटते, तेव्हा पावडर दर महिन्याला तपासावी.

ब्लीचिंग पावडर आणि आम्ल यांची खोली वेगळी असावी, आणि एकाच्या मापाने दुसरे कधीही घेऊ नये. दोन्ही एकत्र आले की जीवघेणा क्लोरीन वायू निघतो. चुना कालवताना बंद चष्मा, रबरी हातमोजे आणि बूट अनिवार्य आहेत, आणि डोळे धुण्यासाठी स्वच्छ पाण्याचा नळ मिश्रण टाकीपासून काही पावलांवर हवा. कळीचा चुना विझवताना पाणी उकळून उडते, ते काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे. साठवण टाकीत किंवा खड्ड्यात कोणालाही एकट्याने उतरू देऊ नये.

गाळ आणि विहिरी

आपल्या उदाहरणात चुन्याचा सुका गाळच रोज १७० किलोच्या पुढे जातो आणि ओला असताना त्याचे वजन कित्येक पट असते. त्यासाठी वाळूचे सुकवण वाफे मे अखेरपर्यंत रिकामे होतील असे नियोजन करावे, कारण पावसात सापडलेला ओला गाळ पुन्हा लीचेटमध्येच जातो. सुकलेला गाळ शेताला चुना म्हणून देऊ नये, त्यात लीचेटमधले धातू उतरलेले असतात. धातूंची तपासणी करून तो डेपोच्या अस्तर असलेल्या भागातच टाकावा.

डेपोच्या वरच्या आणि खालच्या अंगाला प्रत्येकी एक विहीर किंवा बोअर निवडून दर तीन महिन्यांनी अमोनियासोबत नायट्रेटही तपासावे. काळी माती अमोनियम धरून ठेवते आणि जमिनीतले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटला माती अडवत नाही, ते पाण्यासोबत विहिरीत उतरते. म्हणून खालच्या विहिरीत अमोनिया शून्य आला, तरी लीचेट तिथवर पोहोचलेले असू शकते. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात अमोनिया ०.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही मर्यादा आहे. खालच्या विहिरीत नायट्रेट वरच्या विहिरीपेक्षा सलग दोन तपासण्यांत वाढलेले दिसले, तर ती विहीर पिण्यासाठी तत्काळ बंद करून त्या वस्तीला टँकरने पाणी सुरू करावे आणि त्याच आठवड्यात साठवण टाकीचे अस्तर तपासावे.